वाळूच्या टँकसाठी मोटरचा व्हॅक्यूम: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

माशांच्या टँकच्या तळाशी वाळूऐवजी खडी असेल तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. खडीत माशांची शी फटींतून खाली उतरते आणि ती उपसायला जोरदार ओढ लागते. वाळूवर ती वरच पडून राहते. दिसायला वाईट, पण काढायला सोपी. दुकानातले बहुतेक व्हॅक्यूम खडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि वाळूवाल्यांच्या गळ्यात तेच मारले जातात.

माझा टँक तीन फुटी, वापरातलं पाणी साधारण शंभर लिटर, आत तीन फॅन्सी गोल्डफिश. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं आतड्यातून सरळ पुढे सरकतं, त्यामुळे दिवसभर शेपटीमागे दोरा लोंबतच असतो. वाळू बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या बांधकामातून उरलेली, नदीची. आता सगळीकडे एम-सँड मिळते, ती टँकला घेऊ नका. ती दगड फोडून केलेली, कडा धारदार, आणि गोल्डफिश तर सारखी वाळू तोंडात घेऊन चघळून थुंकत असतात. नदीची वाळूसुद्धा आपल्याकडची तांबडी माती निघेपर्यंत धुवावी लागते. धुतल्यावर वर लिंबू पिळून बघायचं. बुडबुडे आले तर चुना आहे, म्हणजे पाणी जड होत जाणार.

मोटरचा व्हॅक्यूम घेण्याचं कारण पाणी. राकसकोप आणि हिडकल अशी दोन धरणं असली तरी बेळगावात नळ रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात तर हौदातल्या तांब्या-तांब्याचा हिशेब आईकडे असतो. साध्या सायफनने, म्हणजे नळीने घाण पाण्यासकट बादलीत उतरवून, सफाई केली की दोन बादल्या पाणी बाहेर. मोटरचा व्हॅक्यूम पाणी ओढतो, जाळीच्या पिशवीतून गाळतो आणि परत टँकमध्ये सोडतो. दीड हजाराच्या आत मिळाला. ऐकायला झकास वाटलं.

आणि ओढतो खरंच जोरात. वाळूसकट. नळीचं तोंड बोटभर वर धरलं तरी बारीक कण उडून वर जातात, मोटरच्या पंख्यात अडकतात आणि खरखर सुरू होते. सोबत आलेली पिशवी जाड घाण धरते, पण गोल्डफिशची शी हात लागताच विरघळते. तो बारीक गाळ पिशवीतून आरपार जातो आणि सफाई झाल्यावर अर्धा-पाऊण तास पाणी गढूळ राहतं. मध्येच वीज गेली तर नळीत चढलेली घाण तशीच खाली येते. पावसाळ्यात वीज कधी जाईल हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. मासे बहुतेक अमोनिया शीतून नाही, कल्ल्यांतून सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट विरघळलेलं असतं, कुठल्याही पिशवीत अडकत नाही. म्हणजे वाळू लखलखीत आणि पाणी मात्र जुनंच. पाणी वाचवणारं यंत्र म्हणून घ्याल तर हे ध्यानात ठेवा: पाणी बदलणं चुकत नाही, थोडं लांबवता येतं इतकंच.

फेब्रुवारीपासून दर रविवारी मी परत साध्या नळीवर आलो. यातली खरी मेख कळायला मात्र वेळ लागला. वाळूला जोर नको, आवर हवा. अर्ध्या इंचाच्या नळीला पुढे दोन इंचाचा रुंद पाइप जोडला की पाणी तेवढंच जातं, पण रुंद भागातला वेग सोळाव्या हिश्शावर येतो, कारण रुंदी चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. त्या मंद प्रवाहात वाळू थोडी उचलली जाऊन परत खाली बसते आणि हलकी शी वर निघून जाते. तरीही वाळू वर चढायला लागली तर नळी बोटांनी दाबायची. हे बोट दाबणं म्हणजेच सगळी कला. दोनशे रुपयांच्या नळीला जमतं ते, मोटरला वेगाचं बटणच नाही.

रोजच्या कामाला तर तीही नळी लागत नाही. फिल्टरच्या पाण्याचं तोंड टँकच्या लांबीच्या दिशेने वळवलं, तेव्हापासून शी आपोआप उजव्या पुढच्या कोपऱ्यात जमते. एअर पंपाची बारीक, चार मिलिमीटरची नळी एका सरळ काडीला बांधली आहे, तिने कोपरा ओढून घेतो. जेमतेम तांब्या-दोन तांबे पाणी जातं. ते पाणी परसातल्या अळूला, आणि अळू यंदा माजलंय. वाळूचा थर इंच-दीड इंचाच्या वर नको. जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, काळे डाग पडतात, आणि खुपसून बघितलं तर सडक्या अंड्याचा वास येणारा बुडबुडा सुटतो.

दुकानात हमखास सल्ला मिळतो, "सर, एक सकर सोडा, सगळं साफ करतंय बघा." नाही करत. सकर म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा. तो शेवाळ खरवडतो, शी खात नाही, उलट स्वतःच ढीग घालतो आणि फूटभराच्या वर वाढतो. मग लोक कंटाळून त्याला किल्ला तळ्यात नाहीतर नदीत सोडतात, आणि तो तिथे देशी माशांच्या मुळावर येतो. कृपा करून तसलं काही करू नका. खरंच मदत हवी असेल तर उभ्या शंखाच्या मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी ठेवा. दिवसा त्या वाळूत शिरून थर खालीवर करत राहतात, उरलेलं खाणं संपवतात. त्यांची संख्या भसाभस वाढली तर समजा खाणं जास्त पडतंय. बेळगावच्या थंडीत गोल्डफिशचं पचन मंदावतं, तेव्हा मी खाणं निम्म्यावर आणतो, आणि कोपऱ्यातली घाणही निम्मी होते.

मग मोटर टाकून दिली का? नाही. एप्रिल-मे महिन्यांत नळ लांबला, हौद तळाला गेला, तेव्हा तिनेच निभावलं. गावाला जाण्याच्या आदल्या दिवशीही बरी पडते. पण भरपूर बोअरचं पाणी असलेल्याने, किंवा ज्यांचे मासे दोन-चार गप्पीच आहेत त्यांनी पैसे घालू नयेत. घेतलीच असेल तर सोबतची पिशवी काढा आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबरबँडने घट्ट बांधा. बारीक गाळ बराच अडतो. मोजा लवकर चोंदतो, म्हणून मध्ये एकदा काढून धुवावा लागतो, आणि वापर झाल्यावर बादलीत मोटर नुसत्या पाण्यावर मिनिटभर चालवायची, पंख्यातले वाळूचे कण निघून जातात.