दहा महिने वापरलेला तिबेटी खादेन

खादेन म्हणजे बसायला-झोपायला वापरायचा तिबेटी गालिचा, साधारण ३ बाय ६ फुटांचा. हा एका निर्वासित वसाहतीतल्या मागावरचा आहे: ताणा (मागावरचे उभे दोरे) सुती, वर लोकर, चौरस इंचाला ६० गाठी. दिवाणावर रोजची बसउठ असूनही मधोमध लोकर दबलेली नाही. पहिले दोन महिने मात्र झाडूला तंतू येत राहतात. ते कापलेल्या लोकरीचे सुटे तुकडे असतात, गाठी सुटत नसतात. ब्रश लावायचा तो लव, म्हणजे वरची कापलेली लोकर, ज्या दिशेला झुकते त्याच दिशेने.

तिबेटी विणीत आडवी लोखंडी सळई ताण्यापुढे धरतात. लोकरीचा धागा ताण्याच्या दोन दोऱ्यांमागून आणून सळईवर गुंडाळत जातात. ओळ भरली की ठोकून बसवतात आणि सळईवरचे फेरे सुरीने कापतात. एवढ्या मापात दीड लाखाहून जास्त गाठी बसतात. किमतीची घासाघीस करण्याआधी हा आकडा आठवावा, कारण तीच विणणाऱ्या बाईची मजुरी असते.

घेताना गालिचा उलटा करा आणि एका चौरस इंचातल्या गाठी मोजा. काम लवकर उरकायचं म्हणून दोनऐवजी चार दोऱ्यांवर एकच गाठ घेतली, तर लव विरळ पडते आणि दाबल्यावर ताणा दिसतो. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर घेऊ नका, पुढे पांढऱ्या नक्षीत उतरतो.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. सुती ताणा ओल धरतो, म्हणून फरशीवर थेट अंथरला की खालून कुबट वास येतो. जुलैपासून तो दिवाणावरच ठेवावा आणि उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंनी वारा द्यावा. कडक उन्हात टाकू नये, रंग विटतो. कसर लागते ती अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी, उशा-लोडांखाली. तिथे पंधरवड्याला झटकणं सगळ्या डांबरगोळ्यांपेक्षा उपयोगी. ठेवून द्यायचा असेल तर गुंडाळावा. घडी घातली की ताणा मोडतो.

दार्जिलिंगचं तिबेटी निर्वासित स्वयंसाहाय्य केंद्र १९५९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नोर्गेलिंग वसाहत आहे. अशा वसाहतींतली तरुण मुलं शहरात नोकरीला किंवा थंडीत स्वेटर विकायला जातात, मागावर बसणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून आपल्या मापाचा हवा असेल, तर ऑर्डर द्या आणि घाई करू नका.