स्पोकन ट्यूटोरियल : मराठीतून गिंप आणि पीएचपी

छायाचित्र-संपादन आणि वेब प्रोग्रॅमिंग मराठीतून व विनामूल्य शिकू पाहणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प आहे. त्यातील गिंप (छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर) आणि पीएचपी-मायएसक्यूएल (वेब प्रोग्रॅमिंगची भाषा व तिच्या जोडीने वापरला जाणारा डेटाबेस, म्हणजे माहितीसाठा) या दोन मालिकांविषयी हे मत. धडे साधारण दहा मिनिटांचे असून निवेदन मराठीत आणि पडद्यावरचे मेनू इंग्रजीत असतात. ही सरमिसळ प्रथम खटकते. परंतु पुढे गाठ त्याच इंग्रजी शब्दांशी पडणार असल्याने ‘लेयर’चा ‘थर’ केला नाही, हे बरेच झाले. अर्ध्या पडद्यावर धडा व अर्ध्यावर गिंप उघडून, थांबत थांबत प्रत्येक कृती स्वतः करणे अपेक्षित आहे. नुसते पाहून हात बसत नाही.

माझ्या दृष्टीने गिंपचा खरा लाभ लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) समजण्यात आहे. पावसाळ्यात घाटात काढलेल्या माझ्या एका फोटोत दरी काळवंडलेली आणि आकाश फिकट होते. कर्व्ह्‌ज (उजेड-अंधार कमीजास्त करण्याचे साधन) वापरून दरी उजळावी, तर उरलेसुरले ढगही नाहीसे होत. तेव्हा लेयरची प्रत करून ती उजळली, तिला पांढरा मास्क लावला आणि आकाशावर काळा ब्रश फिरवला. मास्कवर काळ्याने झाकते, पांढऱ्याने दिसते, करड्याने अर्धवट दिसते, आणि खालचा मूळ फोटो जसाच्या तसा राहतो. (जेपीईजीत आकाश पूर्ण पांढरे पडले असेल, तर मात्र तिथले ढग कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत.)

धड्यांचे वय ही मोठी अडचण आहे. गिंपचे धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत. 2012 मध्ये आलेल्या 2.8 आवृत्तीपासून ‘सेव्ह’ केल्यास फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या स्वरूपातच साठते आणि जेपीईजीसाठी ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. हे ठाऊक नसलेला नवखा तिथेच अडतो. पीएचपीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. व्हेरिएबल, लूप, फॉर्ममधील माहिती हाताळणे हा भाग आजही चालतो. मात्र डेटाबेसच्या धड्यांतील, त्याच्याशी जोडणी करणारी ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’सारखी फंक्शने 2015 च्या पीएचपी 7 मधून काढून टाकलेली आहेत. त्यांच्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ हे पीएचपीतील नवे जोडणी-मार्ग वापरावे लागतात.

त्यामुळे गिंपची मालिका मी नवशिक्यांना निःसंकोच सुचवीन. पीएचपीची मालिका मात्र अधिकृत माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवूनच पाहावी.