फुकेत की सेशेल्स? बोटीवरचा आठवडा ठरवण्याआधी

पुण्यातल्या मित्रमंडळींत ‘या वेळी आठवडाभर बोटीवरच राहू’ असा विषय निघाला, की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: थायलंडचं फुकेत आणि हिंदी महासागरातला बेटांचा देश सेशेल्स. चार केबिनची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेली शिडाची बोट, कप्तानासकट दोन्हीकडे भाड्याने मिळते, मुंबईहून विमान दोन्हीकडे जातं आणि फोटो दोन्हीकडचे वेड लावणारे. पण फोटो बघून ठरवू नका. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे आणि बरोबरच्यांपैकी कोणाला बोट लागते, या दोन गोष्टी आधी बघा.

फुकेतला मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. त्यामुळे मुलांची मेची सुट्टी आणि ऑक्टोबरातली दिवाळी तिथे घालवायला मी सुचवणार नाही. नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा कोरडा वारा असतो, तेव्हा जा. सेशेल्स विषुववृत्ताच्या जेमतेम चार अंश दक्षिणेला आहे, तिथलं वेळापत्रक वेगळं. डिसेंबर-जानेवारीत जोराचा पाऊस, मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून येणारे बऱ्यापैकी कोरडे व्यापारी वारे, आणि एप्रिल नि ऑक्टोबरच्या आसपास वारा पडलेला, पाणी नितळ. नाताळची सुट्टी असेल तर फुकेत आणि दिवाळीची असेल तर सेशेल्स, एवढं डोळे मिटून सांगता येईल. मेमध्येही सेशेल्सच, पण वारा अंगावर घ्यायची तयारी हवी.

आता पाण्याचं. फुकेतच्या पूर्वेला फांग न्गाचा उपसागर आहे. तिन्ही बाजूंनी जमीन, मध्ये समुद्रातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. आडोसा इतका, की कोरड्या ऋतूत लाट फारशी उठत नाही. एका बेटामागून निघालात की तास-दोन तासांत दुसऱ्यामागे नांगर पडतो. ज्यांनी आयुष्यात शिडाच्या बोटीवर पाय ठेवलेला नाही, त्यांनी सुरुवात इथेच करावी असं मला मनापासून वाटतं. काही बेटं आतून पोकळ आहेत. त्यांच्या पोटातल्या खाजणांना तिथे ‘होंग’ म्हणतात. आत जायला कयाकमधून अंधारी गुहा पार करायची, छत खाली येईल तिथे पाठीवर आडवं व्हायचं, आणि पलीकडे एकदम चारी बाजूंनी उंच कडे, झाडी आणि वर आकाशाचा तुकडा. भरती चढली की गुहेचं तोंड बुजतं, म्हणून हे सगळं ओहोटीच्या वेळेवर चालतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप वरखाली होतं आणि आत थांबायला वेळ कमी मिळतो. तारखा काढताना कालनिर्णयवर नजर टाका.

फांग न्गाची उणी बाजूही सांगायला हवी. खारफुटी आणि गाळामुळे तिथलं पाणी हिरवट, गढूळ असतं. मासे-प्रवाळ बघायचे तर दक्षिणेला फी फी बेटांकडे जावं लागतं, आणि तिथे गर्दी. तिथली माया बे 2018 मध्ये बंद करून 2022 च्या जानेवारीत पुन्हा उघडली, पण बोटी आता खाडीत जाऊ देत नाहीत, मागच्या बाजूने उतरून चालत जायचं. शिवाय मार्चनंतर वारा मंदावतो आणि शिडाऐवजी इंजिनच जास्त चालतं.

सेशेल्समध्ये शीड खरोखर भरतं. माहे या मुख्य बेटाहून प्रालिन बेटाला जायचं म्हणजे साधारण पंचवीस सागरी मैल, तेही उघड्या समुद्रातून, पाच-सहा तास. कॅटमरान कलंडत नाही म्हणून मळमळणार नाही, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ती खरी नाही. समोरून लाट आली की दोन सांगाड्यांमधल्या तळावर धाडकन आपटते, टेबलावरचे पेले उडतात, आणि झोपलेला माणूस उठून बसतो. बोट लागणाऱ्याला असे पाच तास फार मोठे. ॲव्होमिनची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पण पलीकडे पोचल्यावर जे आहे ते फांग न्गात नाही. ग्रॅनाइटचे गुळगुळीत गुलाबी-करडे धोंडे, क्युरियूज बेटावर मोकळी फिरणारी महाकाय कासवं, ला दीगवर सायकलवरून पालथं घालण्याजोगं सबंध बेट. प्रालिनवरचं व्हॅले द मे हे ताडांचं रान 1983 पासून जागतिक वारसास्थळ आहे. जगातलं सगळ्यात मोठं बी ज्याचं, तो दर्याचा नारळ तिथे झाडावर लटकलेला दिसतो. फकिरांच्या हातातला काळा कटोरा याच नारळाच्या करवंटीचा. ज्यांचा निम्मा ग्रुप आधी समुद्रावर राहून आलाय, त्यांनी दुसरा विचारच करू नये.

खर्चात सेशेल्स नक्की महाग, कारण खाण्यापिण्याचं बहुतेक सामान बाहेरून येतं. फुकेतला बाजार स्वस्त आणि भरलेला. शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं की थाई स्वयंपाकात भाजीतही माशाचा सॉस पडतो. तिकडे ‘जे’ म्हटलं की मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. बोटीवर स्वयंपाकघर असतंच, डाळ-तांदूळ आणि मेतकूट घेऊन गेलात तर दोन वेळा निर्धास्त.

पैसे भरण्याआधी एक करा. ऑक्टोबर ते मे यांतल्या एखाद्या रविवारी सगळ्यांनी मुंबईला जाऊन गेटवेहून दोन तासांसाठी शिडाची बोट घ्या. दुपारनंतर जा, खारे वारे सुटलेले असतात. कोणाचा चेहरा पांढरा पडतो ते तिथेच कळेल, आणि तसे दोघे-तिघे निघाले तर फांग न्गा पक्कं करून टाका.

बुकिंग करताना कप्तान कुठे झोपणार हे लेखी विचारून घ्या. चार केबिन म्हणजे आठ जण, हा हिशेब पुष्कळदा इथेच चुकतो. काही बोटींवर त्याच्यासाठी पुढच्या टोकाला छोटा खण असतो, काहींवर एक केबिन त्याला द्यावी लागते आणि तुम्ही सहाच उरता. डिझेल, अनामत रक्कम आणि राष्ट्रीय उद्यानांचं शुल्क भाड्यात धरलंय का, हेही त्याच पत्रात. गोड्या पाण्याची टाकी किती लिटरची तेसुद्धा विचारा, कारण आठ जणांनी घरच्यासारख्या अंघोळी केल्या तर ती दोन-तीन दिवसांत आटते, मग फिरणं सोडून आधी धक्का गाठावा लागतो.