जुन्या संगणकावर विंडोज १० : मोफतची मुदत टळल्यानंतरचा सहा वर्षांचा अनुभव

कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या आमच्या टायपिंग आणि डीटीपीच्या दुकानात २०१२ साली घेतलेला एक ब्रँडेड संगणक आजही रोज सकाळी नऊला सुरू होतो. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ३२ बिटचे विंडोज ७, असा तो मुळात होता. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० बाजारात आणले आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर मोफत देऊ केले, तेव्हा त्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दिसत असे. परंतु हातातल्या लग्नपत्रिका आणि प्रतिज्ञापत्रे अडतील या भीतीने मी ती बंद करत राहिलो आणि २९ जुलै २०१६ ही तारीख निघून गेली.

पुढे विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० पासून थांबणार असल्याचे जाहीर झाले आणि टाळाटाळीला जागा उरली नाही, कारण याच संगणकावर ग्राहकांची आधार कार्डे, सातबारा आणि आमचे बँकेचे व्यवहार होते. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे पत्रिकांची गर्दी असते, म्हणून पौष लागेपर्यंत थांबलो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस दुकानाचे हे टेबल बंद ठेवून काम उरकले.

पहिला प्रश्न परवान्याचा होता. विंडोज १० होमची भारतातील किंमत सुरुवातीला ७,९९९ रुपये आणि प्रोची १४,९९९ रुपये होती. जो संगणक विकायला काढला तर पाच-सहा हजारही हाती येणार नाहीत, त्याच्यासाठी एवढी रक्कम मोजणे मला पटत नव्हते. राजारामपुरीतून आलेल्या तंत्रज्ञाने मात्र कॅबिनेट वळवून मागच्या बाजूचे धुळीने माखलेले स्टिकर ओल्या फडक्याने पुसले, मोबाइलचा टॉर्च मारून त्यावरची पंचवीस अक्षरांची की (परवान्याचा क्रमांक) कागदावर उतरवून घेतली आणि म्हणाले, “साहेब, हा तुमचा सातबारा. याला जपा.” जाहीर सवलत संपली असली, तरी विंडोज ७ ची अस्सल की विंडोज १० सक्रिय करण्यासाठी त्या काळात स्वीकारली जात होती. आमची कीही पहिल्याच प्रयत्नात चालली आणि परवान्यापोटी एक रुपयाही द्यावा लागला नाही. हा मार्ग बंद केल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, त्यामुळे आज कोणी केवळ जुन्या स्टिकरच्या भरवशावर बसू नये.

याआधी २०१७ मध्ये दुकानातल्या दुसऱ्या, असेंबल केलेल्या संगणकावर एका दुकानदाराने पाचशे रुपयांत “कायमचे ॲक्टिव्हेट” म्हणून विंडोज टाकून दिले होते. ते चालावे म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवला होता, हे मला महिनाभराने कळले. परक्या लोकांचे पेनड्राइव्ह दिवसभर ज्या संगणकाला लागतात, त्याच्यावर असे काही करणे म्हणजे ग्राहकांच्या विश्वासाशी खेळ आहे आणि तो खेळ माझ्या दुकानात नकळत महिनाभर चालला, याचे मला आजही वाईट वाटते. स्वस्तात मिळते म्हणून हा रस्ता कोणीही धरू नये.

केवळ विंडोज बदलून जुना संगणक पळत नाही, हेही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. ३२ बिटच्या विंडोजवर थेट अपग्रेड केले, तर नवे विंडोजही ३२ बिटचेच राहते आणि ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरता येत नाही. म्हणून आम्ही ६४ बिटचे विंडोज नव्याने इन्स्टॉल केले, रॅम ८ जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा बरीच वेगवान साठवण) बसवली. एसएसडीचे २,६००, रॅमचे १,५०० आणि मजुरीचे ६०० असा एकूण ४,७०० रुपये खर्च आला. पूर्वी संगणक सुरू करून चहा सांगून यावा लागे. आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत तो तयार असतो. या खर्चातली जर एकच वस्तू कोणाला परवडत असेल, तर ती एसएसडी असावी.

खरी परीक्षा मराठी फायलींची झाली. नवे विंडोज टाकण्यापूर्वीचा बॅकअप आमच्याकडे नीट होता, कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी पेठेत शिरले तेव्हा कॅबिनेट उचलून माळ्यावर न्यावे लागले होते आणि तेव्हापासून बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर शनिवारी सगळे उतरवून ठेवण्याची शिस्त लागली होती. फायली होत्या, पण फाँट विंडोजच्या फोल्डरमध्येच राहिले होते आणि त्यांची नक्कल काढायचे माझ्याकडून राहून गेले. दुसऱ्या दिवशी एक जुनी पत्रिका उघडली, तर जिथे ‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥’ असायला हवे, तिथे रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची एक निरर्थक ओळ उभी होती. युनिकोड ही सगळ्या संगणकांसाठी अक्षरांची एकच ठरलेली पद्धत रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फाँट नसला की मजकूर असा दिसतो. तो नष्ट झालेला नसतो. जुनी डिस्क आम्ही पुसली नव्हती म्हणून तिच्यातून फाँट परत मिळाले आणि अंबाबाई पुन्हा पडद्यावर आली. आमच्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली, हेही ६४ बिटचा नवा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्राम) मिळेपर्यंत चार दिवस ओळखले जात नव्हते. ज्यांचे पोट मराठी टायपिंगवर आहे, त्यांनी परवाना आणि रॅमच्या आधी फाँटचे फोल्डर आणि डोंगलचा ड्रायव्हर या दोन गोष्टी हाताशी घ्याव्यात, असे मी कळकळीने सांगेन.

याच संदर्भात आणखी एक बाब. विंडोज १० नव्याने इन्स्टॉल केल्यावर मंगल हा देवनागरीचा युनिकोड फाँट आपोआप असेलच असे नाही. तो कोकिळा, अपराजिता आणि उत्साह यांच्यासह देवनागरीच्या पूरक फाँटांत ठेवलेला आहे आणि सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समधून घ्यावा लागतो. मंगलमध्ये केलेला अर्ज उघडल्यावर पानांची मांडणी हलली, तर कारण बहुधा हेच असते. मात्र २०१९ च्या मे महिन्यातील अद्यतनापासून विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वन्यात्मक (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आला, ही या बदलातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. इनस्क्रिप्ट ही मराठी कळफलकाची मांडणी न शिकलेली कॉलेजची मुले आता दुकानात येऊन स्वतःचा अर्ज स्वतः शुद्ध युनिकोडमध्ये टाइप करतात.

लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आपोआप आला. अद्यतनांसाठी संगणक भर कामात पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ भरून ठेवावी, तिथे अठरा तासांपर्यंतची वेळ देता येते.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य आहेत, तेव्हा आमच्या आय-३ ला तो रस्ता नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विस्तारित सुरक्षा अद्यतनांची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला, तर तिला पैसे पडत नाहीत. घरच्या संगणकाची नोंदणी मी या वेळी पहिल्याच आठवड्यात करून टाकली. दुकानात मात्र बँकेची आणि ग्राहकांच्या कागदपत्रांची कामे नव्या संगणकावर हलवली आहेत, आणि हा जुना इंटरनेटची वायर काढून, डोंगल आणि सगळ्या फाँटांसह, २०१२ पासूनच्या पत्रिका उघडण्यासाठी त्याच टेबलावर ठेवला आहे.