चेकलिस्ट की चुकीचं मूळ?
रत्नागिरीतला मित्र विचारतोय, हापूस बुकिंगच्या अ‍ॅपची रिक्वायरमेंट (ते काय काय करणार, हे लिहिलेला कागद) चेकलिस्टने तपासू की लिहिणारा कुठे चुकला ते शोधू. त्याला म्हटलं, वेळेचं म्हणशील तर चेकलिस्ट स्वस्त, नवखा पोरगाही अर्धवट वाक्यं, राहिलेले आकडे पकडतो. पण चुकीची समज तिला दिसत नाही रे! तुझ्याच कागदात "पेटी म्हणजे 5 डझन" लिहिलंय, फळाच्या साइजप्रमाणे डझन बदलतात हे बागायतदाराला विचारलंच नाहीस, आणि तीच समज पुढे दर, स्टॉक, ट्रान्सपोर्ट सगळीकडे घुसलीय. इथे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझनची 1990ची चुकांची विभागणी (हातून घसरलेलं, विसरलेलं, मुळात चुकीचं समजलेलं) कामाला येते, फक्त शिकायला वेळ जातो आणि लिहिणारा समोर बसलेला हवा. काम छोटं, घाई असेल तर चेकलिस्ट बास. बागायतदाराचे पैसे अडकणार असतील तर मूळ शोध.