सायप्रसचा साल-भुंगेरा: फवारणी की पाणी?

कॅलिफोर्नियातल्या घरांभोवतीचे सायप्रस (सरूच्या जातीची झाडं) तांबूस पडू लागले की पहिला फोन जातो फवारणीवाल्याला. साल पोखरणारा फ्लिओसायनस भुंगेरा जेमतेम 2-3 मिलिमीटरचा. खोडावर पर्मेथ्रिन किंवा बायफेन्थ्रिनसारखं कीटकनाशक मारलं, तर सालीवर उतरणारा भुंगेरा मरतो. पण मादी आत शिरून अंडी घालून गेली की सालीखालच्या अळ्यांपर्यंत औषध पोचतच नाही. म्हणजे फवारणीचा फायदा शेजारच्या निरोगी झाडाला, तोही वेळेत केली तर.

पाण्याचं काम संथ, पण मला तेच पटतं. हा भुंगेरा मुख्यतः तहानलेलं, अशक्त झाड गाठतो. मॉन्टेरी सायप्रस मुळात समुद्रकाठच्या धुक्यातला. त्याला आतल्या कोरड्या, तापलेल्या भागात लावायचं आणि वर पाणीही तोडायचं, हा अन्यायच. हिरवळीच्या फवाऱ्याचं वरवरचं पाणी पुरत नाही. फांद्यांच्या घेराखाली, सावकाश, खोलवर मुरेल असं द्यावं.

पूर्ण वाळलेलं झाड मात्र दोन्हींनी वाचत नाही. ते तोडून लाकडाचा चुरा करावा किंवा साल सोलावी. सालीसकट ओंडके जिवंत सायप्रसशेजारी रचून ठेवू नयेत; त्यातूनच पुढची पिढी बाहेर पडते.