गाईच्या रक्तातलं एन्रोफ्लॉक्सासिन मोजताना: एचपीएलसीचे आठ महिने

आठ महिन्यांपासून मी गाईंच्या प्लाझ्मात (रक्तातला पेशी वगळलेला द्रव) एन्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं औषध एचपीएलसीने मोजते आहे. या यंत्रात नमुना कॉलम नावाच्या भरीव नळीतून द्रवाबरोबर ढकलला जातो आणि त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. साधा सी-१८ कॉलम (२५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन) आणि फ्लुरोसन्स डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टाकल्यावर औषधातून परत येणारी चमक मोजणारा. गाईच्या शरीरात या औषधाचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो आणि तेही जंतूंना मारतं, म्हणून दोन्हींचे पीक (आलेखावरचे उंचवटे) सुटे दिसायलाच हवेत.

डिटेक्टरवर मी खूश आहे. २८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ४५० च्या आसपास वाचलं की प्लाझ्मातलं बाकीचं बरंचसं काही दिसतच नाही. बेसलाइन (आलेखाची तळरेषा) स्वच्छ येते.

सुरुवातीला सिप्रोफ्लॉक्सासिनचा पीक मात्र दुभंगायचा. मी कॉलमवर संशय घेत राहिले, धूत राहिले. चूक नमुन्यात होती. प्रथिनं खाली बसवायला ॲसिटोनायट्राईल हे द्रावक घालायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरचा द्रव तसाच इंजेक्ट करायचा, असं चाललं होतं. मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) बहुतांशी पाण्याचा आणि नमुना ॲसिटोनायट्राईलने भरलेला, जे औषधाला कॉलममधून पुढे ढकलतं. मग लवकर बाहेर पडणारं सिप्रोफ्लॉक्सासिन कॉलमच्या तोंडाशी थांबणार कसं? तो द्रव पाण्याने पातळ केला आणि पीक एकसंध झाला. संवेदनशीलता थोडी घटली, ती मी आनंदाने सोडली.

टेलिंग (पीकमागे ओढली जाणारी शेपटी) कमी करायला मोबाईल फेजमध्ये ट्रायएथिलअमाईन आणि पीएच ३ च्या जवळ, एवढं पुरलं.

दाब वाढतो तेव्हा आधी गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी बसवलेला छोटा संरक्षक कॉलम) बदला. दिवसाअखेरीस मोबाईल फेजमधल्या फॉस्फेट बफरवर (पीएच स्थिर ठेवणारा क्षारांचा द्रव) थेट शुद्ध ॲसिटोनायट्राईल सोडू नका, क्षार आतच बसतात. आधी थोडं ॲसिटोनायट्राईल मिसळलेलं पाणी वाहू द्या. एकदा घाईत मी हे टाळलं आणि एक चांगला कॉलम गमावला.

सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो यंत्राबाहेरच्या एका गोष्टीने. एका गाईचा औषध दिल्यानंतर पाच मिनिटांचा आकडा इतरांच्या कित्येक पट आला. पुन्हा इंजेक्ट केलं, तोच आकडा. शेवटी गोठ्यातली वही पाहिली: औषध मानेच्या ज्या शिरेतून दिलं होतं, रक्तही त्याच शिरेतून काढलं होतं. तो नमुना मी बाद केला. आता नळीवर वेळेच्या शेजारी ‘डावी’ की ‘उजवी’ लिहिलेलं नसेल तर नमुना घेतच नाही. स्टँडर्डही (तुलनेसाठी माहीत प्रमाणात औषध घातलेले नमुने) औषध न दिलेल्या गाईच्या प्लाझ्मातच बनवते. मोबाईल फेजमधल्या स्टँडर्डवर वाचलेले माझे पहिले आकडे खरे मानायला कमी होते.

पुढच्या महिन्यापासून दूध तपासायचं आहे. तिथे चरबी कशी काढायची, यावर सध्या काम चालू आहे.